सोहरातली मावम्लुह गुहा: गावचाच गाईड घ्या आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा

मेघालयला जाणारे आपले बहुतेक ग्रुप सोहराला (म्हणजे चेरापुंजी, तिथले लोक सोहराच म्हणतात) येतात, मावस्माई गुहा बघतात, फोटो काढतात आणि झाली गुहा म्हणून धबधब्याकडे पळतात. त्यांच्यासाठीच हे लिहितेय. मावस्माई वाईट अजिबात नाही, आत लाइट आहेत, दीडेकशे मीटरचा पट्टा लोकांसाठी खुला केलाय, लहान मुलं आणि आजी-आजोबा पण जमेल तसं करतात. पण तिथून गाडीने थोड्याच अंतरावर मावम्लुह गाव आहे आणि त्या गावाच्या नावाचीच गुहा आहे, सात किलोमीटरपेक्षा जास्त मोजलेली, आत एकही दिवा नाही, पाण्यातून चालावं लागतं, आणि पृथ्वीच्या इतिहासातल्या एका अख्ख्या कालखंडाची सुरुवात या गुहेतल्या दगडावरून ठरलीय. एवढ्या जवळ जाऊन ती न बघता परत येणं मला खरंच पटत नाही.

आधी सर्व्हिसबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे. आम्ही कुठल्या कंपनीचं पॅकेज घेतलं नाही, गावातल्याच एका गाईडसोबत गेलो. होमस्टेच्या काँगनी (मोठ्या बाईला तिकडे काँग म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं) फोन लावून दिला, रात्रीच तो माणूस घरी येऊन आम्हाला बघून गेला. बघून म्हणजे खरंच बघून, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला बंद जागेत घाबरायला होतं, दम्याचा पंप कोणाकडे आहे, पाण्याची भीती कोणाला आहे, सगळं एकेकाला विचारलं. आमच्यात पंचावन्नच्या पुढच्या एक काकू होत्या, त्यांना घरातल्या पायऱ्या दोनदा चढायला-उतरायला लावल्या आणि मग म्हणाला, "आंटी चलेगा, लेकिन मेरे पीछे." काकू शेवटपर्यंत त्याच्या मागेच होत्या आणि आमच्यातल्या दोन जिमवाल्या पोरांपेक्षा जास्त शांतपणे चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी त्याने प्रत्येक हेडलॅम्प स्वतः लावून बघितला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितला, आपण नक्की किती वाजता बाहेर येणार ते बायकोला खासीत सांगून ठेवलं आणि मग बराच वेळ दक्षिणेकडे आकाश बघत उभा राहिला. तिकडून खालच्या, बांगलादेशातल्या सिल्हेटच्या मैदानावरून ढग वर चढायला लागले की तो ट्रिप रद्द करतो, ॲडव्हान्स परत देतो, वाद घालत नाही. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. गुहेत नदीचं पाणी वाहतं आणि सोहराचा पाऊस म्हणजे वर्षाला ११ हजार मिलिमीटरच्या पुढे, १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत तिथे २६,४६१ मिलिमीटर पडलेला आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला सहा हजार पडला की पेपरात फोटो येतो. अशा ठिकाणी गुहेत घेऊन जाणाऱ्या माणसाला आकाश वाचता यायलाच हवं.

खर्च आम्हाला माणशी हजार-बाराशेच्या घरात आला, त्यात हेल्मेट, दिवा, गाईड आणि मागे चालणारा एक मदतनीस पोरगा. मोसमाप्रमाणे आणि ग्रुपच्या साइजप्रमाणे बदलतो, आधी ठरवून घ्या आणि कृपया घासाघीस करू नका, त्यांचं हे काम वर्षातले चार-पाच महिनेच चालतं.

आता आत काय आहे. तोंडाशी दगडांच्या ढिगाऱ्यावरून जपून खाली उतरायचं, थोडं वाकून पुढे सरकायचं आणि मग पाणी लागतं, आधी घोट्यापर्यंत मग कधी गुडघ्यापर्यंत कधी कमरेपर्यंत, पुढच्या माणसाने पाय कुठे टाकला ते बघत बघत चालायचं. हवा गार पण बोचरी नाही, आत वर्षभर साधारण अठरा अंशाच्या आसपास असते, त्यामुळे हिवाळ्यात बाहेरून आलं की उबदारच वाटतं, पाणी मात्र चांगलंच थंड. पहिल्या वळणानंतर बाहेरचा उजेड संपतो. गाईडने तिथे थांबवून कुठेही पळत जाण्याआधी भिंतीवर दिवा आडवा धरायला सांगितला, समोरून नाही, आडवा. तसं केल्याबरोबर गुळगुळीत दिसणारी भिंत खवल्याखवल्यांची झाली, वीतभर-वीतभर लांबीचे खोलगट शिंपले कोरल्यासारखे, सगळे एकाच दिशेला. हे पाण्याने केलेलं काम. प्रत्येक खळग्याची एक बाजू उभी आणि एक बाजू उतरती असते, उभी बाजू ज्या अंगाला त्या अंगाकडून पाणी आलेलं. खळगे लहान तर पाणी जोरात वाहत होतं, मोठे तर संथ. म्हणजे नदी आज कोरडी असली तरी ती कुठून आली आणि किती वेगात आली हे भिंत सांगते. माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल झाले.

थोडं पुढे गेल्यावर त्याने मान वर करायला लावली. आमच्या डोक्याच्या बरंच वर छताच्या फटीत वाळकं गवत, काटक्या आणि एका चिप्सच्या पाकिटाचा तुकडा अडकलेला. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत होतं. कोणी काही बोललं नाही पण त्यानंतर ग्रुपमधल्या एकानेही "अजून आत जाऊया ना" असा हट्ट केला नाही.

दगडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण हे कळलं नाही तर ही गुहा म्हणजे नुसता चिखल आणि अंधार वाटेल. आपण सह्याद्रीतली माणसं, आपला दगड बसाल्ट, लाव्हा थिजून झालेला, तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे कार्ला काय वेरूळ काय सगळं माणसांनी छिन्नीने खोदलेलं. मेघालयच्या दक्षिण कडेला चुनखडक आहे. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ उबदार समुद्र होता, त्यातल्या बारीक जीवांची कवचं तळाशी साठत गेली, दबली, त्याचा हा खडक झाला. (आपल्याकडे चंद्रपुरात कोरपना-गडचांदूरकडे चुनखडक आहे, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने, पण तो खडक याच्यापेक्षा कितीतरी जुना.) भिंत जवळून बघितली तर काही ठिकाणी धान्याच्या दाण्याएवढ्या गोल-लांबट खुणा दिसतात, ते समुद्री जीवच. म्हणजे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एकीत, डोंगराच्या पोटात तुम्ही समुद्राच्या तळाला हात लावायच्या अंतरावर असता. फक्त हात लावायचा नाही, ते पुढे सांगते.

आता गुहा होते कशी, तर पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, हलकं आम्लधर्मी होतं, खडकाच्या फटीत शिरतं आणि चुनखडक विरघळवत जातं. फट रुंदावते, बोगदा होतो, बोगद्यातून ओढा वाहायला लागतो, मग तो तळ आणखी खाली कापतो. सोहरात पाऊस एवढा आणि खडक असा, मग डोंगर आतून पोखरला नाही तरच नवल. राज्यात हजाराच्या वर गुहांची नोंद झालीय. जैंतिया हिल्समधली क्रेम लियात प्राह (क्रेम म्हणजे खासीत गुहा) ३० किलोमीटरच्या वर लांब आहे, आणि मावसिनराम भागातली क्रेम पुरी तर चुनखडकातली नसून वालुकाश्मातली, २४ किलोमीटरच्या वर, वालुकाश्मातली जगातली सगळ्यात लांब म्हणतात ती हीच. १९९२ पासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनची मंडळी आणि परदेशी गुहाशोधक मिळून दर हिवाळ्यात हे मोजमाप करत आलेत, टेप, कंपास, चिखल आणि पोटावर सरपटणं, अशा कामातून हे नकाशे तयार झालेत. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आणि चुना विरघळलेलं तेच पाणी जेव्हा गुहेच्या छतातून थेंब थेंब आत येतं तेव्हा उलटं होतं. गुहेतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून थेंबातला वायू सुटतो आणि विरघळलेला चुना छतालाच चिकटून राहतो. आपण नववीच्या भूगोलात अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ पाठ केलेले असतात, ते हे. वरून लोंबतो तो स्टॅलॅक्टाइट, खाली पडलेल्या थेंबातून उभा राहतो तो स्टॅलॅग्माइट. गाईडने एका कोपऱ्यात सगळ्यांना खाली बसवून एक बारीक नळी दाखवली, कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉएवढी जाड, पांढरी, आतून पोकळ, टोकाला एक थेंब. दिवा मागून धरला की नळी आतून उजळते आणि आत चढलेलं पाणी दिसतं. आम्ही तो थेंब पडायची वाट बघत बसलो, काकू तर श्वास रोखून. बराच वेळ तो नुसता फुगत राहिला, मग पडला, आणि पुन्हा तिथे दुसरा भरायला लागला. हे वाढणं वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कधी त्याहून कमी. हातभर खांब दिसला तर तो हजारो वर्षांचा धरायचा.

या गुहेचं नाव जगभर झालं ते अशाच एका स्टॅलॅग्माइटमुळे. थरावर थर चढत जातो, आणि प्रत्येक थरात त्या त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकून राहतो. ऑक्सिजनचा हलका प्रकार असतो आणि थोडा जड प्रकार असतो, पाऊसकाळ जोरदार असेल तेव्हा हलक्याचं प्रमाण वाढतं, पावसाळा कमजोर पडला की जड वाढतो. थर किती जुना हे युरेनियम-थोरियमवरून काढतात, युरेनियम पाण्यात विरघळून थरात येतं पण थोरियम विरघळत नाही, मग नंतर थरात जे थोरियम सापडतं ते युरेनियमपासूनच तयार झालेलं, त्यावरून वय मोजायचं. मावम्लुहमधल्या एका स्टॅलॅग्माइटच्या थरांत साधारण ४,२०० वर्षांपूर्वी जड ऑक्सिजन एकदम चढलेला दिसला, म्हणजे पावसाळा एकदम कमजोर पडला, आणि तो पुढे पिढ्यान् पिढ्या तसाच राहिला. त्याच सुमारास इजिप्तचं जुनं राज्य, मेसोपोटेमियातलं अक्कडचं साम्राज्य मोडलं आणि आपल्याकडे सिंधू संस्कृतीची मोठी शहरं ओस पडायला लागली. दुष्काळ हेच एकमेव कारण असं नाही, त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, आणि असायलाच हवेत. पण सिंधूच्या उत्तरकाळातली माणसं आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला राहत होती हे माहीत असेल तर त्या थरांबद्दल ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्या तरी आला.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाचे तीन भाग मान्य केले, पहिल्या दोघांच्या खुणा ग्रीनलंडच्या बर्फात आणि तिसऱ्याची खूण या गुहेत. त्या तिसऱ्याचं नाव मेघालयन. तुम्ही मी सगळे आज मेघालयन काळात जगतोय. २०२२ मध्ये जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांच्या यादीत मावम्लुह आली. हे सगळं गाईडने आम्हाला मोडक्या हिंदीत पण अगदी बरोबर सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज बदलला होता, आपल्या गावाचं नाव जगाच्या पुस्तकात आहे याचा त्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. आमच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र बाहेर म्हणाला, अंदर कुछ नहीं है, अंधेरा है. शहरातून बुक केलेल्या गाडीवाल्याचं ऐकून ठिकाणं गाळू नका एवढंच सांगेन.

आता जे आवडलं नाही ते. हेडलॅम्प जुने होते, माझ्या दिव्याचा उजेड शेवटी शेवटी पिवळा पडला, मदतनीस पोराने लगेच दुसरा दिला म्हणून अडलं नाही, पण स्वतःचा दिवा आणि जादा सेल नक्की घेऊन जा, प्रत्येकाकडे किमान दोन दिवे हवेतच. गमबूट देतो म्हणाले होते, ते घेऊ नका, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही, घट्ट पकडीचे ट्रेकिंग शूज, जे ओले झाले तरी चालतील असे, तेच बरे. कपडे बदलायला जागा नाही, बायकांनी मोठा टॉवेल किंवा साडी आडोशाला ठेवावी, हे गावाने खरंच सोडवायला हवं, साधी पत्र्याची खोली पण चालेल. आणि दुसरा एक ग्रुप आला होता, त्यांच्यासोबत गावातला गाईड नव्हता, ब्लूटूथ स्पीकर चालू, एकजण मोबाइलच्या टॉर्चवर चाललेला. वटवाघळं उडायला लागली. आमच्या गाईडने जाऊन स्पीकर बंद करायला लावला, शांतपणे, पण लावला.

हात का लावायचा नाही ते आता. बोटांचं तेल आणि चिखल लागला की त्या जागी नवा थर नीट बसत नाही, डाग पडतो, वाढ बिघडते. आणि एका वळणावर तुटलेल्या खांबाचं खोड आहे, कोणीतरी शोपीस म्हणून तोडून नेलेला. कापलेल्या तोंडावर वर्तुळं दिसतात, पांढरं, करडं, पिवळट, परत पांढरं, केसाएवढ्या बारीक रेषा. ज्या रेषांवरून शास्त्रज्ञ हजारो वर्षांचा पाऊस वाचतात त्या कोणाच्या तरी घरी टीव्हीशेजारी धूळ खात असणार. राग येतो. याहून मोठा धोका बाहेरचा आहे, चुनखडक म्हणजे सिमेंट, आणि या टापूत कोळसाही आहे, कोळशाच्या खाणींचं आम्लयुक्त पाणी ओढ्यांत उतरतं. २०१४ साली हरित लवादाने मेघालयातल्या उंदराच्या बिळांसारख्या कोळसा खाणींवर बंदी घातली ते आठवत असेल. डोंगर खणला की गुहा जाते, आणि गुहा परत बांधता येत नाही. गावातल्या लोकांना गुहा दाखवून पैसे मिळाले तर गुहा टिकण्याची शक्यता वाढते, म्हणून मी म्हणते की बाहेरचा गाईड नको, गावचाच घ्या.

कोणी जाऊ नये तर बंद जागेत गुदमरतं त्यांनी, सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांनी, नुकतं गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी. त्यांच्यासाठी मावस्माई आहे, आणि जीवाश्म बघायचे असतील तर आरवाह गुहा, तिथे भिंतीत शिंपल्यांचे ठसे आरामात उभं राहून दिसतात, वाट सोपी आहे. आमच्या ग्रुपमधला एक मित्र मावम्लुहच्या तोंडाशीच थांबला, आरवाहला मात्र तासभर रमला.

बाहेर आल्यावर गाईडच्या घरी लाल चहा आणि जादोह मिळालं, जादोह म्हणजे मांस घालून केलेला भात, शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, डाळ-भात-भाजी करून देतात. ओल्या कपड्यांत चुलीपाशी बसून गरम चहा, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा दिव्यांसाठी आणि कपडे बदलायच्या खोलीसाठी कापला. जायचं ते डिसेंबर ते मार्च, पावसाळ्यात कोणी नेतो म्हणाला तरी नाही म्हणा. गुवाहाटीहून शिलाँग साधारण शंभर किलोमीटर आणि शिलाँगहून सोहरा पन्नास-पंचावन्न, तरी सकाळी शिलाँगहून निघून गुहा करून संध्याकाळी परत असा प्लॅन करू नका, सोहरातच मुक्काम ठेवा. आणि रविवार टाळा, सकाळी सगळं गाव चर्चला असतं, गाईड मिळाला तरी त्याला घाईत आणि मन नसताना यावं लागतं.